सीमेचं विधेयक संसदेत आलंच, तर ते कुठून कुठून जाईल?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका तरुण वकिलांनी तीन प्रश्न एकदम विचारलेत. हिवाळी अधिवेशनात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, आरडाओरडा चालू असताना पाच-दहा मिनिटांत विधेयक मंजूर होतं, ते कायदेशीर कसं? डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी सीमाप्रश्नावर ठराव केले, त्यांचं पुढं काय होतं? आणि उद्या संसदेत सीमेचं विधेयक आलंच, तर त्याच्यावर चर्चा कशी होईल, मंजुरी कशी मिळेल?

मी नोकरी लोकसभा सचिवालयात केली, विधेयकांच्या शाखेत. निवृत्तीनंतर बेळगावात टिळकवाडीत असतो. त्यामुळं तिसऱ्या प्रश्नावर जास्त रेंगाळणार, हे आधीच सांगून ठेवतो.

ठरावांचं पहिल्यांदा उरकून घेऊ. कर्नाटकानं २२ डिसेंबर २०२२ रोजी इथं बेळगावातच ठराव केला की सीमेचा प्रश्न संपलेला आहे, एक इंचही जमीन देणार नाही. महाराष्ट्रानं २७ डिसेंबरला नागपुरात ठराव केला की बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावं घेण्यासाठी कायदेशीर लढा चालू ठेवू. दोन्ही एकमतानं. आपल्या गल्लीत एका ठरावावर फटाके वाजले, दुसऱ्यावर निषेध झाला. पण ठराव म्हणजे सभागृहानं व्यक्त केलेलं मत. त्याला कलमं नसतात, राज्यपालांची सही लागत नाही, तो कायदा म्हणून राजपत्रात येत नाही आणि कुठलंही न्यायालय त्याची अंमलबजावणी करत नाही. राजकारणात त्याला वजन आहे, नाही असं नाही. पण एखाद्या राज्याच्या विधिमंडळानं दहा ठराव केले तरी सीमा एका गुंठ्यानं हलत नाही, कारण तो अधिकार राज्यघटनेच्या कलम ३ नं फक्त संसदेला दिलाय.

हे कलम ३ लहान आहे, पण त्याच्या परंतुकात, म्हणजे 'मात्र' म्हणून जोडलेल्या अटीत, सगळी गोम आहे. नवं राज्य करणं, राज्याचं क्षेत्र वाढवणं किंवा घटवणं, सीमा बदलणं, नाव बदलणं, हे संसद साध्या कायद्यानं करू शकते. मात्र असं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय कुठल्याही सभागृहात मांडता येत नाही. राष्ट्रपतींची शिफारस म्हणजे व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय. म्हणून मंत्री नसलेला कुणी खासदार शुक्रवारच्या खासगी कामकाजात सीमेचं विधेयक आणीन म्हणाला, तर टाळ्या वाजवा, पण आशा लावून बसू नका. तसंही स्वातंत्र्यापासून खासगी विधेयकांपैकी १४ च कायदे झाले, आणि शेवटचा १९७० साली.

दुसरी अट अशी की ज्या राज्यांची सीमा बदलणार, त्यांच्या विधिमंडळांकडं राष्ट्रपतींनी ते विधेयक मत कळवण्यासाठी पाठवायचं, आणि किती दिवसांत कळवायचं तेही ठरवून द्यायचं. ही मुदतीची तरतूद १९५५ च्या पाचव्या घटनादुरुस्तीनं स्पष्ट झाली. त्याआधी एखादं विधिमंडळ नुसतं गप्प बसून राहिलं तर काय करायचं, हा पेच होता. आता मुदत संपली की संसद पुढं जायला मोकळी.

मत मागवायचं असतं, ते मानायलाच हवं असं नाही. याचं ताजं उदाहरण आंध्र प्रदेशाचं. तेलंगणाचं विधेयक हैदराबादला पाठवलं, तिथल्या विधानसभेनं ३० जानेवारी २०१४ रोजी ते फेटाळलं. तरीही १८ फेब्रुवारीला लोकसभेनं आणि २० फेब्रुवारीला राज्यसभेनं ते मंजूर केलं. त्याच्या आधी १३ तारखेला लोकसभेत मिरपुडीचा फवारा मारला गेला होता. मंजुरीच्या दिवशी दूरचित्रवाणीचं थेट प्रक्षेपण बंद पडलं, आणि विधेयक आवाजी मतदानानं पार झालं. १ मार्चला राष्ट्रपतींची सही, २ जूनला नवं राज्य. बेंगळुरूच्या विधानसभेनं नकार दिला की विधेयक मेलं, असं इथं कुणी ठामपणे सांगतं, तेव्हा हे वर्ष आठवावं. आणि आपल्या बाजूचं कुणी म्हणालं की दिल्लीनं नुसतं मनात आणायचा अवकाश, तर तेही अर्धंच खरं. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८, कर्नाटकाचे २८. दोन्हीकडं निवडून येणारे मोठे पक्ष तेच. एका राज्यात मिळवायचं तर दुसऱ्यात गमवायचं, मग मंत्रिमंडळाच्या टेबलावर हा विषय येतोच कशाला? विधेयक अडतं ते सभागृहात नाही, तिथं पोचायच्या आधी.

कलम ४ सांगतं की असा कायदा घटनादुरुस्ती समजला जात नाही. त्यामुळं दोन-तृतीयांश लागत नाहीत, हजर राहून मतदान करणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं. परदेशाला जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागते, जशी बांगलादेशाबरोबरच्या भू-सीमा करारासाठी २०१५ मध्ये शंभरावी दुरुस्ती झाली. आपल्याच दोन राज्यांमध्ये गावांची अदलाबदल करायला मात्र कुठल्याही साध्या विधेयकाइतकीच मतं लागतात.

आता मूळ गोष्टीकडं, म्हणजे १९५६ कडं. सीमाभागात राहणाऱ्यांनी हे विधेयक संसदेतून कसं गेलं ते बारकाईनं पाहायला हवं, कारण आपलं सगळं तिथंच घडलंय.

राज्य पुनर्रचना विधेयक १८ एप्रिल १९५६ रोजी लोकसभेत मांडलं गेलं. त्यात मुंबई राज्याचे तीन तुकडे होते: महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई. मग ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं गेलं. समितीचा अहवाल १६ जुलैला आला. ऑगस्टमध्ये लोकसभेत चर्चा चालू असताना दुरुस्त्या आल्या आणि तीन तुकड्यांच्या जागी एकच मोठं द्विभाषिक मुंबई राज्य बसलं. मुंबईच्या विधिमंडळाला मत विचारलं होतं ते तीन तुकड्यांवर. द्विभाषिकावर कुणी विचारलंच नव्हतं. हे घटनाबाह्य आहे म्हणून बाबूलाल पराते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये निकाल दिला: मूळ विधेयकावर एकदा मत मागवलं की परंतुकाची अट पुरी झाली, संसदेनं नंतर त्यात दुरुस्ती केली तर प्रत्येक वेळी पुन्हा विधिमंडळाकडं जायची गरज नाही.

वकीलसाहेब, या निकालावर थोडं थांबा. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की विधिमंडळात ज्या विधेयकावर भाषणं होतात आणि संसदेत जे मंजूर होतं, ती दोन वेगळी विधेयकं असू शकतात. म्हणजे खरी झटापट समितीत आणि कलमवार चर्चेत होते. आपल्याकडं सगळं लक्ष भाषणाकडं. कुणी काय ठणकावून सांगितलं, कुणाचा माइक बंद झाला, कोण सभात्याग करून बाहेर पडला. विधेयकातला मजकूर यातल्या कशानंही बदलत नाही.

तो मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला. १९५६ च्या ३७ व्या कायद्याच्या कलम ७ मध्ये नवं म्हैसूर राज्य कशाकशाचं बनेल त्याची यादी आहे. त्यात मुंबई राज्यातून येणाऱ्या भागात लिहिलंय: विजापूर, धारवाड आणि कानडा (आजचा उत्तर कन्नड) जिल्हे, आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा. बस्स. अख्खं बेळगाव एका वाक्यात गेलं आणि त्याच वाक्यात चंदगड राहिलं. आज वेंगुर्ला रस्त्यानं बाची ओलांडली की शिनोळी लागते, ती चंदगड तालुक्यात, म्हणून महाराष्ट्रात. तेवढ्या अंतरात गाडीच्या नंबराची पाटी, शाळेचं माध्यम, सातबाऱ्याची भाषा सगळं बदलतं. एका तालुक्यासाठी अपवाद करता येतो हे विधेयक लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं, त्यांनी तो केलाही. मग खानापूरसाठी, निपाणीसाठी का नाही, हा प्रश्न आपण गेली कित्येक वर्षं विचारतोय. पण कायद्याच्या भाषेत तो प्रश्न एका दुरुस्तीचा होता. ३१ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, १ नोव्हेंबरपासून कायदा लागू. त्या तारखेला बेंगळुरूत राज्योत्सव असतो आणि आपण काळा दिन पाळतो.

उद्या सीमेचं विधेयक आलं तर त्याचा नमुना १९५६ चा नसेल असं मला वाटतं. तो १९५९ चा असेल. आंध्र प्रदेश आणि मद्रास यांच्या सीमाबदलाचा कायदा, १९५९ चा ५६ वा. त्याआधी ह. वि. पाटसकर यांनी दोन राज्यांमध्ये मध्यस्थी करून निवाडा दिला होता: गाव हा घटक धरायचा, भाषकांचं बहुमत पाहायचं, भौगोलिक सलगता पाहायची. महाराष्ट्राची आजची ८६५ गावांची मागणी याच सूत्रावर उभी आहे. १ एप्रिल १९६० पासून तो कायदा अमलात आला आणि तिरुत्तणीसारखा भाग मद्रासकडं गेला. त्या कायद्याचा जीव कलमांपेक्षा शेवटी जोडलेल्या अनुसूचींत आहे, कारण कुठली गावं कुठं जाणार ते तिथं नावानिशी लिहिलंय.

म्हणून सांगतो, असं विधेयक आलंच तर पहिल्या दिवशी प्रस्तावना वाचत बसू नका, थेट अनुसूची उघडा. गावाचं नाव आहे का? त्याचं स्पेलिंग महसूल दप्तराशी जुळतंय का? वाडी मूळ गावात धरली आहे की वेगळी? तालुका कुठल्या जनगणनेप्रमाणे धरलाय? मधेच एखादं कन्नडबहुल गाव आलं तर सलगता कशी जोडली आहे? ही कामं भाषणात होत नाहीत. दुरुस्तीच्या सूचनेत होतात. अनुसूचीही सभागृहात इतर कलमांसारखीच मताला टाकली जाते, आणि तिच्यात एखादं नाव घालायचं किंवा काढायचं तर दुरुस्ती तिथंच द्यावी लागते.

आता सभागृहातली चाल. सरकारी विधेयक मांडण्याच्या दिवशी मंत्री उठतो आणि मांडण्याची परवानगी मागतो. त्याला विरोध करता येतो, पण तो बहुतेक वेळा अधिकाराच्या मुद्द्यावर असतो: संसदेला हा विषय आहे का, घटनेची अट पाळली का. सीमेच्या विधेयकात हा मुद्दा हमखास येणार, राष्ट्रपतींची शिफारस कुठं आहे, राज्यांची मतं कुठं आहेत म्हणून. प्रती दोन दिवस आधी वाटायच्या हा नियम आहे, पण अध्यक्ष तो शिथिल करू शकतात, आणि करतात. मांडून झालं की विधेयक राजपत्रात छापलं जातं आणि अध्यक्ष ते स्थायी समितीकडं पाठवू शकतात. पाठवतीलच असं नाही. अलीकडं बरीच विधेयकं समितीचं दार न बघता पुढं जातात. मला विचाराल तर कायदा सुधारण्याची सगळ्यात चांगली जागा ही समितीच. तिथं कॅमेरा नसतो, पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, लागू नसतो, माणसं कागद वाचून येतात. शिवाय समिती लोकांकडून लेखी निवेदनं मागवते. सीमाभागातल्या संस्थांनी निवेदन द्यायचं तर तिथं द्यावं, रेल्वे स्टेशनवर मंत्र्याच्या हातात देऊन फोटो काढण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी.

पुढं विचारार्थ घेण्याचा टप्पा. कामकाज सल्लागार समिती किती तास द्यायचे ते ठरवते, आणि ते तास पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटले जातात. एकट्या-दुकट्या खासदाराला तीन-चार मिनिटं मिळाली तरी नशीब. आपल्या खासदाराची तेवढीच क्लिप मोबाइलवर फिरते आणि लोकांना वाटतं चर्चा झाली. खासदाराला मराठीत बोलायचं असेल तर कलम १२० खाली परवानगी मिळते, आणि आता दुभाष्यांची सोयही आहे. आधी कळवलं की काम होतं.

सर्वसाधारण चर्चा संपली, मंत्र्यानं उत्तर दिलं, विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव मंजूर झाला की कलमवार चर्चा सुरू होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटतो. शाखेतल्या आमच्यासाठी मात्र हाच दिवस असायचा. खासदारानं दुरुस्तीची सूचना आदल्या दिवशी नोटीस ऑफिसात द्यायची असते. ती अशी लिहावी लागते: पान ३, ओळ १२, 'प्रकाशित करील' नंतर 'साठ दिवसांच्या आत' हे शब्द घालावेत. पान नाही, ओळ नाही, नुसतं 'मुदत ठेवावी' असं लिहून दिलं तर ती दुरुस्ती होत नाही, मागणी होते. नीट दिलेली दुरुस्ती क्रमांक घालून छापली जाते आणि सगळ्या सदस्यांना वाटली जाते. सभागृहात ते कलम आलं की अध्यक्ष नाव घेऊन विचारतात, आपण दुरुस्ती मांडता का? सदस्य जागेवर नसला तर ती मांडली गेलीच नाही असं धरतात. चहाला गेलेल्या सदस्यांच्या चांगल्या चांगल्या दुरुस्त्या अशा वाया गेलेल्या पाहिल्यात.

ज्या कलमांना दुरुस्ती नसते ती गठ्ठ्यानं मताला टाकतात: कलम २ ते १७ विधेयकाचा भाग होवोत, होय म्हणणाऱ्यांनी होय म्हणावं. एका श्वासात सोळा कलमं. मग अनुसूची. आणि सगळ्यात शेवटी कलम १, अधिनियमन सूत्र आणि पूर्ण शीर्षक. विधेयकाची सुरुवात शेवटी का, असं नवीन माणूस विचारतोच. मधल्या कलमांत काही बदल झाला तर नाव आणि सुरुवात त्याप्रमाणे लावून घेता यावी म्हणून.

आवाजी मतदानात अध्यक्ष कान देतात आणि सांगतात, 'होय' म्हणणारे जास्त. त्याला कुणी हरकत घेतली आणि मतविभागणी मागितली तर मतं मोजावी लागतात. लॉबी रिकामी करतात, साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात, प्रश्न पुन्हा विचारला जातो. जुन्या सभागृहात दोन्ही हातांनी बटणं दाबून धरावी लागायची, फलकावर हिरवे-लाल दिवे लागायचे. नव्या इमारतीत सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचं विधेयक आलं तेव्हा लोकसभेत चिठ्ठ्यांनी मतदान झालं, ४५४ विरुद्ध २. घटनादुरुस्ती असली की मोजणी करावीच लागते. साध्या विधेयकाला नाही, कुणी मागितली तरच. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीमुळं, म्हणजे १९८५ च्या पक्षांतरबंदीमुळं, व्हिप मोडून मत दिलं तर सदस्यत्व जातं, त्यामुळं मोजणीचा निकाल सगळ्यांना आधीच माहीत असतो. तरी मागावी. कोण कुठल्या बाजूला उभा होता हे नावानिशी नोंदलं जातं. निवडणुकीत दारात येणाऱ्याला ती नोंद दाखवता येते, आवाजी मतदान दाखवता येत नाही.

तिसऱ्या वाचनात, म्हणजे अख्ख्या विधेयकाच्या शेवटच्या मंजुरीत, फारसं काही होत नाही. मग महासचिवांच्या निरोपानं विधेयक राज्यसभेत जातं आणि हेच सगळं पुन्हा. दोन्ही सभागृहांचं जमलं नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते. आजवर १९६१, १९७८ आणि २००२ अशी तीनदा विधेयकांसाठी झाली. राष्ट्रपतींच्या सहीनंतरही कायदा लगेच चालू होतो असं नाही. केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवेल त्या दिवशी, असं कलम १ मध्ये लिहिलेलं असतं. नियमांना तर आणखी वेळ लागतो: नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, नियम आले ११ मार्च २०२४ ला. सीमेच्या कायद्यात 'नियत दिवस', म्हणजे बदल लागू होण्याची तारीख, असतो, आणि त्या दिवसापासून कुठल्या उच्च न्यायालयाचं क्षेत्र, चालू खटले कुठं जाणार, कर्मचारी कुणाचे, कर्ज कुणाचं, आमदारांच्या जागा किती, हे सगळं कलमांत असतं. जुने कायदेही एका रात्रीत बदलत नाहीत. १९५६ च्या कायद्याच्या कलम ११९ नं त्या त्या भागातले आधीचे कायदे बदलले जाईपर्यंत चालू ठेवले. म्हणून तर बेळगावातल्या जुन्या संस्थांच्या कागदांवर १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचा नोंदणी क्रमांक अजून दिसतो.

आता हलगा-बस्तवाडच्या माळावर या. सुवर्ण विधानसौधाचं उद्घाटन ऑक्टोबर २०१२ मध्ये झालं. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तिथं बाहेर ऊसदरवाले, आरक्षण मागणारे पंचमसाली लिंगायत, शिक्षक, अंगणवाडी सेविका, सगळ्यांचे तंबू. महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा आणि त्याला नाकारलेली परवानगी ठरलेली. आत अध्यक्षांच्या आसनासमोर घोषणा, आणि त्या घोषणांमध्ये अध्यक्ष विधेयकाचं नाव घेतात. 'हौदु' (होय) म्हणणारे 'हौदु' म्हणतात, 'इल्ला' (नाही) म्हणणारे समोर घोषणा देत असतात म्हणून त्यांचा 'इल्ला' ऐकू येत नाही, आणि विधेयक पार.

कायदेशीर कसं? राज्यघटनेच्या कलम २१२ प्रमाणे विधिमंडळाच्या कामकाजातल्या पद्धतीच्या चुकीवरून न्यायालय चौकशी करू शकत नाही. संसदेसाठी तेच कलम १२२. गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, एक-दशांश सदस्य पुरतात, २२४ च्या सभागृहात २३. आणि मतविभागणी मागायची तर सदस्यानं आपल्या जागेवरून मागायला हवी, ही पीठासीन अधिकाऱ्यांची, म्हणजे सभागृह चालवणाऱ्या अध्यक्ष-सभापतींची, भूमिका. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत कृषी विधेयकांवरून याच मुद्द्यावर रण पेटलं होतं. मला तर गोंधळ घालणाऱ्यांची ही रीत कधी कळली नाही. त्यांना वाटतं आपण विधेयक रोखलं. प्रत्यक्षात मंत्र्याला उत्तर द्यावं लागत नाही, दुरुस्त्या मांडल्या जात नाहीत, मोजणी होत नाही. सरकारला याहून सोयीचं काय हवं? २९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कृषी कायदे मागे घेणारं विधेयकही दोन्ही सभागृहांत चर्चेविना काही मिनिटांत गेलं, म्हणजे रस्ता दोन्ही दिशांना सारखाच सपाट.

बेळगावात विधेयक खरोखर अडलेलं पाहायचं असेल तर डिसेंबर २०२१ आठवा. धर्मस्वातंत्र्य संरक्षण विधेयक विधानसभेनं २३ तारखेला आवाजी मतदानानं मंजूर केलं. पण विधान परिषदेत सरकारला बहुमताची खात्री नव्हती, तिथं ते त्या अधिवेशनात घेतलंच नाही. मे २०२२ मध्ये वटहुकूम काढला, आणि परिषदेची मंजुरी सप्टेंबरमध्ये मिळाली. विधेयक चांगलं की वाईट हा वेगळा वाद. ते थांबवलं ते संख्येनं, घोषणांनी नाही. परिषद अडवून तरी किती अडवणार म्हणा: कलम १९७ प्रमाणे पहिल्या खेपेला तीन महिने, विधानसभेनं पुन्हा मंजूर केलं की एक महिना, मग विधेयक मंजूर झालं असंच धरतात. राज्यात संयुक्त बैठक नाही. धन विधेयकाला तर चौदाच दिवस.

आपल्या दुकानदारांना जाचलेली फलकांवरची ६० टक्के कन्नडची अटही अशीच आली. जानेवारी २०२४ मध्ये सरकारनं वटहुकूम पाठवला, राज्यपालांनी तो परत केला, विधिमंडळातून आणा म्हणून. फेब्रुवारीत २०२२ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक दोन्ही सभागृहांतून गेलं. वटहुकूम परत आला ते विधेयक मांडेपर्यंतचे ते काही आठवडे, तीच आपली वेळ होती. किती मुदत, दंड किती, उरलेल्या जागेत मराठी कशी, लहान दुकानाला सवलत आहे का, यावर एखाद्या आमदाराच्या नावानं चार ओळींच्या दुरुस्त्या गेल्या असत्या तर त्या पडल्याच असत्या, मान्य. पण मंत्र्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते नोंदीत राहिलं असतं. आपल्याकडं त्या दिवसांत मोर्च्याची तारीख ठरत होती.

विधेयक वाचायचं कुठल्या भाषेत, हेही तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो. कर्नाटकाचं विधेयक कन्नडमध्ये येतं, सोबत इंग्रजी. मराठीत कुणी करून देत नाही. राज्यपालांच्या अधिकारानं प्रसिद्ध झालेला इंग्रजी पाठ कलम ३४८ प्रमाणे अधिकृत धरतात, तेव्हा कन्नड वाचता येत नसेल तर इंग्रजी वाचा, वर्तमानपत्रातली बातमी नको. आमदाराला सभागृहात मराठीत बोलायचं असेल तर कलम २१० मध्ये वाट आहे, पण ती अध्यक्षांच्या परवानगीची: राज्यभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत नीट मांडता येत नसेल तर मातृभाषेत. अट नीट वाचलीत तर लक्षात येईल की कन्नड छान बोलणाऱ्या मराठी आमदाराला तिचा आधार घेता येत नाही.

राहिला सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा २००४ पासूनचा कलम १३१ खालचा मूळ दावा. त्यात १९५६ च्या कायद्यालाच आव्हान आहे, कर्नाटक म्हणतं हा विषय संसदेचा. निकाल काहीही लागला तरी, गावं हलवायची झाली तर अनुसूचीसह विधेयक लागेल, असं माझं वाचन आहे. म्हणून तुम्ही वकील मंडळींनी आत्ताच एक काम करावं. १९५९ च्या आंध्र-मद्रास कायद्याच्या अनुसूचीचा साचा घ्यावा आणि त्यात खानापूर तालुक्यातली गावं भरून पाहावीत: महसुली नाव, वाड्या, सीमेची रेघ, लगतचं गाव कुठलं. पहिल्या दहा-बारा गावांतच कळेल की महसूल दप्तर, जनगणना आणि आपल्या तोंडातलं नाव या तिघांचा मेळ कुठं बसत नाही.